बुटावरचा पांढरा रंग

शनिवार, करामा

फ्रिस्बीची फायनल जिंकलो, आणि मला कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाहीये. या खेळात अंपायर नसतो. आत की बाहेर, ते ज्याचं त्याने खरं सांगायचं. मॅच बघायला आलेल्या माझ्या दहा वर्षांच्या सईला हे मीच शिकवलंय. शेवटचा कॅच घेताना माझा पाय रेघेवर होता, म्हणजे आउट. समोरच्या कॅप्टनने विचारलं, "दीदी, इन?" मी म्हटलं, "इन." तिने लगेच मानलं, वर मिठी मारली. खलास, कप आमचा.

का म्हणाले मी तसं?

बुटाच्या टोकाला रेघेचा पांढरा रंग लागलाय. घरी येऊन दोनदा पुसला, जात नाही. तिसऱ्यांदा पुसत होते, तर सई जवळ येऊन हळूच म्हणाली, "इट्स ओके, आई. आय वोन्ट टेल एनीवन."