रांगेतले अंगठे

हट्टी नाना,

तुला जाऊन दोन महिने झाले. रडायला लिहीत नाही, रडायला तुझ्या सुना आहेत. दुसरीतून शाळा सुटलेल्या बहिणीला तूच पाटीवर अक्षरं गिरवायला लावलीस, तर आता वाच. काना-मात्रा चुकल्या तर वर बसून लाल शाई मारू नकोस.

काल नवा ग्रामसेवक ओट्यावर आला. म्हणाला, "अक्का, तालुक्याच्या कोर्टाचा कागद आलाय. लोकन्यायालयासाठी गावानं एकमतानं एक पंच द्यायचाय. दोन्ही आळ्या तुमचं ऐकतात म्हणे. नाव सुचवा." मला विचारतो! बिचाऱ्याला गेल्या खेपेचं काय माहीत?

तुला तर माहीत आहे. नदी गावात शिरली तेव्हा घरं पडलीच, पण शेतांच्या हद्दीही वाहून गेल्या. दगड गेले, बांध गेले. भांडणं होणार हे मलासुद्धा कळत होतं. ती ऐकायला कोर्टानं एक माणूस मागितला. आठ दिवसांत गावाचं एकमत झालं नाही, तर सरपंच देतील ते नाव. नि सरपंचांनी मेव्हणा तयारच ठेवला होता.

माझ्या हातात काय होतं? पळी! नरडाण्याला रेल्वेनं तांदूळ उतरला, रावेरहून केळीचा ट्रक आला, नि शाळेतल्या पातेल्यावर मी उभी. तिथंच मी कागद ठेवला, शाईचं पॅड ठेवलं. आधी नानाच्या नावावर अंगठा, मग खिचडी. सरपंचाच्या म्हाताऱ्या आईनंसुद्धा लावला. तिच्या चुलीतही चिखलच होता ना!

वाईट काय केलं मी? उभा जन्म तू पोरं शिकवलीस, कोणाच्या घरचा फुकटचा चहा घेतला नाहीस. तुझ्याहून बरा पंच मी कुठून आणायचा होता?

मग द्वारका आली. नदीकाठच्या पट्टीवर एकटी राबणारी, खालच्या आळीची. तिनं ताट पुढं केलं, मी पॅड पुढं केलं.

"काय शे हाई?"

"नानाचं नाव शे. लाव, मागं रांग आहे."

तिनं पळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अक्का, हाऊ आंगठा मन्हा शे. तुन्ही खिचडीना नही. नानाले मी तसाबी दिधा असता."

नि रिकामं ताट घेऊन चालती झाली. दोन दिवसांची उपाशी! मागच्या बाया हसल्या. मी म्हणाले, "जाऊ द्या महाराणीला." हे शब्द माझे, नाना. तुला कधी सांगितले नाहीत.

संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात कागद तुझ्यापुढं ठेवला. तू विचारलंस, "बठ्ठं गाव शे?" मी म्हणाले, एक द्वारका सोडून. "ती का नही?" मी सांगितलं. तू चष्मा काढलास, पुसलास, नि कागद उभा फाडलास. वर तपेलं भरून खिचडी घेऊन तिच्या दारी गेलास. तिच्यापुढं वाकलास, माझ्याशी मात्र महिनाभर बोलला नाहीस!

बरं, फाडलास तर फाडलास. अजून चार दिवस होते ना? पोट भरलेल्या माणसांकडं दारोदार जायचं होतंस! "स्वतःसाठी मागणार नाही," असं सुनेकरवी कळवलंस. मी निघाले तर दारात आडवा उभा राहून मलाही अडवलंस. मुदत संपली, मेव्हणा पंच झाला. स्वतः उभा राहून त्यानं हद्दीचे दगड रोवून घेतले, नि द्वारकाची अर्धी पट्टी सरपंचाच्या कपाशीत गेली. तुझे हात स्वच्छ राहिले, जमीन तिची गेली. हे कोणत्या पुस्तकात शिकला होतास रे?

शेवटच्या दुखण्यात तूच मला विचारलंस, "अक्का, द्वारकानी पट्टी परत मिळी का?" मी कुशीवर वळून झोपेचं सोंग घेतलं. तूही ते ओळखलंस. दोघंही तशीच पडून राहिलो, तू तुझ्या खाटेवर, मी माझ्या गोधडीवर. तेवढंच एक आपलं एकमत.

तर काल ग्रामसेवकाला मी नाव सांगितलं. द्वारका.

तो दचकलाच. "अहो, बाई? आणि ती अंगठेबहाद्दर?"

"हो," म्हटलं. "अंगठा कुठं लावायचा नाही, ते तिला कळतं. गावात तेवढं कोणाला कळत असेल तर आण त्याला."

स्वतःच्या पट्टीचा तंटा तिला ऐकता येणार नाही, एवढा कायदा मलाही समजतो. तिचं गेलं ते गेलंच. तुझ्यामुळं गेलं नि माझ्यामुळंही.

पण उद्यापासून मी दारोदार जाणार. जेवणं झाल्यावर, हात धुतल्यावर. पळी घरी ठेवून, कागद पदराखाली घेऊन. पहिलं दार द्वारकाचंच. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. दार लावलं तर परवा जाईन, परवा लावलं तर तेरवा. महाराणी म्हणाले होते ते तिच्या तोंडावर सांगेन, नि मगच तिचं नाव घालू का ते विचारेन. ती नाही म्हणाली तर कागद कोराच परत जाईल. या वेळी तुला फाडावा लागणार नाही.

तुझ्यावर अजून रागातच असलेली,
अक्का