लाल अकीकाचा भुंगा

३ अमशीर
"तुझ्या पोटात दगडसुद्धा टिकायचा नाही," पहिल्या नवऱ्याची बहीण फार वर्षांपूर्वी म्हणाली होती. आज नाईलकाठच्या गुर्न्यात, शाझलीच्या घरी नवरी म्हणून उतरताना ते का आठवावं? चाळिशी उलटलेली नवरी! पण सगळ्यांनी आनंदानं घरात घेतलं. सासूबाई, हाज्जा रतीबा, यांनी उन्हात फुगवलेली भाकरी आणि मसुराचं कढण वाढलं. अंगणभर टर्की. मी खूश आहे.

९ अमशीर
शाझली दगडाचे भुंगे कोरतो. कोरलेले भुंगे कणकेत घालून टर्कींना चारायचे. पोटातून फिरून आले की परदेशी लोकांना ते फारोच्या काळचे वाटतात. हाज्जा म्हणाल्या, "आमच्याकडे म्हातारपण मागच्या दारानं येतं गं!" हसून पुरेवाट झाली.
खरा भुंगा घरात एकच. थडग्यातला, लाल अकीकाचा, नखाएवढा. मूल नसलेल्या बायका तो मागून नेतात, पाण्यात बुडवतात, त्या पाण्यानं न्हातात. मला या वयात मागायची लाज वाटते.

१८ अमशीर
हाज्जा बाजाराला गेल्या तेव्हा पेटी उघडली. भुंगा हातात घेतला, तोच त्या दारात. मी तो तोंडात टाकला. त्यांनी विचारलं, "एकटीच का गं बसलीस?" उत्तर द्यायला गिळावंच लागलं.

१९ अमशीर
सगळे शोधताहेत. टर्कीनं गिळला असेल म्हणून सगळ्यात मोठी कापली. पोटात काही नव्हतं. पिसं मीच काढली. सगळ्यांबरोबर जेवलेही.

११ बरमहात
तीन आठवडे झाले, भुंगा अजून बाहेर पडलेला नाही. रोज काडीनं उकरून बघते. लिहितानाही मान खाली जाते.

५ बरमूदा
लग्नाला दोनच महिने झाले, आणि पोट वाढलंय. हाज्जांनी हात ठेवला आणि अंगणात जाऊन आनंदाची किलकारी दिली. शेजारणी जमल्या. "शाझली, दगड कोरता कोरता हेही कोरलंस होय!" तो लाजला. हाज्जा म्हणाल्या, भुंगा गेला तर गेला, नातू देऊन गेला. मी खरं सांगितलं नाही.

२० बशन्स
हलतं. लाथ नव्हे. खरवडतं. सहा ठिकाणी, एकदम.

२२ बशन्स
शाझलीनं पोटाला कान लावला. दगडावर दगड घासल्यासारखं येतंय, म्हणाला. मग म्हणाला, कामाचा आवाज कानात बसलाय. पण पुन्हा कान लावला नाही—

६ बऊना
सांगितलं. सगळं. हाज्जांनी माझं कपाळ चुंबलं. "दिवस गेले की बाया बरळतात गं." अंगडं शिवताहेत—

७ बऊना
वर सरकतंय— एवढंच मागणार आहे, की जन्मलं की माझ्या छातीशी देऊ नका. ऐकणार नाहीत. आईपासून लेकरू कोण—