ब्रुनो आता फरशीवर बसत न्हाई

युसूफ वडगाव
सोमवार, भाकरी थापून झाल्यावर

प्रिय दादास,

पंचशीलाचा मनापासून जय भीम. वहिनीला जय भीम, अन् प्रियदर्शनीला माह्याकडून गालगुच्चा. तुहा गुडघा आता कसा हाय? गेटवर उभं राहून राहून सुजत असंल, तर साहेबलोकांची गाडी आली तरच उठत जा, बाकीच्यांना बसूनच सलाम ठोक. इकडं आमी समदे बरे हाओत. आरोहीला खालचे दोन दात आलेत. त्या दातांनी तिनं पहिलं काय चावलं असंल, तर ब्रुनोचा कान. ब्रुनोनं दुसरा कान पुढं केला.

तुहा निरोप पोचला. तुह्या सोसायटीतल्या मॅडम परदेशातून लवकरच परत यायल्यात, अन् तू येत्या ऐतवारी ब्रुनोला न्यायला येतूस. ये बाबा. कुत्रं त्यांचं हाय, आमी चार म्हैने सांभाळलं, आमचा काय हक्क? पण न्यायच्या आधी ते आता कसं झालंय हे सांगणं माहं काम हाय. मागून म्हणशील पंची बोलली न्हाई. फोनवर कावून न्हाई सांगितलं म्हणशील, तर तू फोन स्पीकरवर ठेवतूस अन् अर्धी सोसायटी ऐकती, अन् इकडं सासूबाई माह्या कानाला कान लावून बसत्यात. म्हणून वहीची पानं फाडली. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती देते. सातवीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपेग होऊ दे, चुका काढू नको.

मी किती भित्री हे तुला सांगायला नको. पालीला भेते, ढगाला भेते, मिक्सरला भेते (अजून बटण सासूबाईच दाबत्यात). अन् कुत्र्याला तर शाळेच्या वाटंवर तुह्या दप्तराला धरून चालायचे मी. तरी तू अन् आरोहीच्या पप्पानं मिळून ठरवलं, की ते उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर गेले की गावाच्या कडंच्या घरात पंची भेईल, म्हणून तिला कुत्रं पाहिजे. ज्याचं सगळ्यात जास्त भेव तेच आणून दारात बांधलं. (गडीमाणसांचं डोकं कसं चालतं हे मला अजून कळलं न्हाई.) आलं ते वासराएवढं, पिवळं, जीभ हातभर. मी आरोहीला घेऊन दोन दिवस पलंगावरून उतरले न्हाई. भाकरी करायची तर सासूबाई आधी त्याला परसात नेऊन बांधायच्या, मग मी पाय खाली टाकायचे.

आता त्याची खोड ऐक. मॅडमचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणून त्यांनी त्याला शी-सूला बाथरूमच्या फरशीवर बसायची सवय लावलेली. वय साडेपाच वर्ष, म्हणजे सवय हाडात गेलेली. आमचं न्हाणीघर भाईर, तिथं नुसता दगड. फरशी कुठं हाय, तर घरकुलाच्या पुढच्या खोलीत, पांढरी, नवीकोरी, आरोहीच्या पप्पानं दोन सीझन राबून बसवलेली. आमी तिला बैठक म्हणायचो. ब्रुनोनं ती बाथरूम ठरवली. त्याला ज्वारीतून फिरवा, बांधावर बसवा, वढ्याला न्या, एक थेंब न्हाई. अन् घरात आला की फरशीच्या मधोमध, तोंड भिताडाकडं करून, लाजल्यावाणी कार्यक्रम. मी रोज चारदा फिनेल मारायचे. आरोही तवा नुकती रांगायला लागलेली, तिला कुठं सोडावं कळंना.

एक दिवस बचत गटाची मीटिंग आमच्या घरी. बाया गोल बसल्या. आमची अध्यक्ष साखराबाई बोलायला उठली, तर तिची रिकामी झालेली जागा ब्रुनोनं धरली अन् तिथंच उरकलं. साखराबाई खाली बसता बसता वाचली. म्हणली, "अगं, आमाला उघड्यावर बसताना पथकवाल्यांनी पहाटं बॅटऱ्या मारमारून घरातल्या संडासात जायला शिकवलं, तवा कुठं आमी सुधारलो. हे तुहं आधीच सुधरून आलंय की!" बाया हसून लोळल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या न्हाईत. रातच्याला जेवताना म्हणल्या, पंधरा दिवसांनी माही लेक यायची हाय, तवर हे भाईर जायला शिकलं तर राहील, न्हाईतर तू अन् तुहं कुत्रं दोघंबी माहेरी. (तुह्या पुण्याच्या खोलीत आमी दोघं कुठं मावलो असतो, मलाच कळंना.)

साखराबाईनंच उपाय सांगितला. त्याची घाण पुसलेला फडका भाईर लिंबाखाली टाकायचा, म्हणजे वासानं त्याला कळतं जागा ही हाय. झालं. दुसऱ्या दिवशी पहाटं मी तो फडका टमरेलात घातला अन् निघाले. त्याचा पट्टा लई आखूड, कुत्रं पायापाशी येतं, म्हणून मी पट्ट्याला बैलाचा कासरा जोडला. म्हणजे ते तिकडं अन् मी इकडं, मधी चांगलं अंतर. पण ब्रुनोला लिंब आवडला. त्यानं लिंबाला एक चक्कर मारली, दुसरी मारली, तिसरी मारली, अन् मी मधीच उभी. बघता बघता मी झाडाला बांधले गेले, दोन्ही हात कासऱ्यात, टमरेल छातीशी. मग ते माह्याकडं आलं. मी डोळे मिटले. म्हणलं आरोही, तुही माय गेली. त्यानं दोन पाय माह्या खांद्यावर ठिवले अन् हनवटीपासून कपाळापर्यंत एकदाच चाटलं.

तेवढ्यात आदिनाथ गुरुजी फिरायला आले. "उघड्यावर जाऊ नका" असं गावच्या भिताडांवर लिहिणारे तेच. टमरेल बघून म्हणले, "काय वहिनी, घरात संडास असून?"

मी म्हणलं, "गुरुजी, माह्यासाठी न्हाई, ह्याच्यासाठी."

"ह्याला पाणी कशाला लागतंय?"

"पाणी न्हाई गुरुजी, फडका हाय."

गुरुजींनी टमरेलात डोकावलं, मग ब्रुनोकडं बघितलं, मग गुमान कासरा सोडला. त्या दिवसापासून ते वढ्याच्या वाटंनं फिरायला जात्यात. अन् ब्रुनो? घरी आला, फरशीवर गेला, भिताडाकडं तोंड केलं.

पण एक झालं दादा. त्यानं चाटलं अन् मी मेले न्हाई, हे माह्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी मी कासरा अर्धा केला.

मग मी बसून त्याच्याकडं बघत राहिले. त्याला मी कधी असं नीट बघितलंच नव्हतं. तवा कळलं, की त्याला जागा कळत न्हाई, त्याला पायाखालचं कळतं. पायाला गार अन् गुळगुळीत लागलं की ते मोकळं होतंय. घरामागं मिस्त्रीनं सोडलेल्या चार फरश्या उभ्या होत्या. त्या मी उचलल्या अन् लिंबाखाली मांडल्या, ठोकून, पाण्यानं धुऊन, बैठकीवाणी. अन् पुढच्या खोलीच्या दाराला फळी लावली. पहाटं नेलं. त्यानं एक पाय फरशीवर ठिवला, दुसरा ठिवला, अन् माह्याकडं बघितलं, इथं चालंल का, असं विचारल्यावाणी. मी म्हणलं, चालंल बाबा, तुहंच हाय. अन् केलं त्यानं! मी एवढ्या जोरात "शाब्बास रे माह्या राजा" वरडले, की आरोही रडत उठली अन् सासूबाई चोर आला म्हणून खराटा घेऊन धावत आल्या. मी त्याला गरम भाकरीचा पापुद्रा दिला. सासूबाई म्हणल्या, "माह्या पोरानं फरशी बसवली तवा त्याला न्हाई म्हणलीस शाब्बास."

मग दोन दोन दिवसांनी एकेक फरशी काढली. खायला दिलं की लगेच भाईर, उठलं की भाईर, केलं की पापुद्रा. शेवटी चौथ्या फरशीचा एक फुटका तुकडा राहिला, त्याच्यावर मी माती पसरली. तेराव्या दिवशी ब्रुनो त्या तुकड्याला वलांडून सरळ मातीत बसला. नणंदबाई आल्या, दोन दिवस फरशीवर मांडी घालून जेवल्या. त्यांना कुणी काही सांगितलं न्हाई.

अन् त्या फुटक्या तुकड्याचं ऐक. आरोही रांगत रांगत ब्रुनोच्या मागं लिंबाखाली जाती. ते मातीत बसलं की ही माती झटकून तुकड्यावर बसती. दोघं संगं. दहा म्हैन्याचं लेकरू दादा! सासूबाई गल्लीभर सांगत फिरत्यात, माह्या नातीला बघा कशी शिस्त लावली मी. ब्रुनोचं नाव कुणी घेत न्हाई.

तर आता मुद्द्याचं. हे कुत्रं आता फरशीवर जात न्हाई, जीव गेला तरी. परवा मी त्याला फरशीच्या खोलीत कोंडून परीक्षा घेतली. दुपारपासून दिवे लागेस्तवर धरून बसलं, शेवटी माहंच पोट दुखायला लागलं. त्याला पहाटं पाचला भाईर लागतं, माती लागती, लिंबाचंच झाड लागतं, अन् झाडाखाली कुणीतरी मोठ्यानं शाब्बास म्हणणारं लागतं. मॅडमला रोज चार जिने उतरून हे जमंल का, तेवढं इचार. लिफ्ट बंद पडली तर माही जबाबदारी न्हाई. जमत असंल तर ऐतवारी ये, मी त्याला आंघोळ घालून ठिवते.

तुही भित्री बहीण,
पंची

ता.क. दादा, इथपर्यंतचं मॅडमला फोन लावून मोठ्यानं वाचून दाखव, जिन्याचं दोनदा वाच. ह्याच्या पुढचं पान घडी घालून खिशात ठेव.

ता.क. दुसरं. लिंबाचंच झाड लागतं हे मी वाढवून सांगितलं. बाभूळ चालती, विजेचा खांबबी चालतो. शाब्बास न्हाई म्हणलं तरी तो करतो, मलाच म्हणल्याबिगर ऱ्हावत न्हाई. गेल्या आठवड्यात पहाटं लाईट आली तवा मी एकटी हिरीवर जाऊन मोटर चालू करून आले. घरी आल्यावर ध्यानात आलं की मी भ्यालेच न्हाई, कावून की तो बाजूला होता. तुह्या नोकरीला धक्का लागत असंल तर ये, घेऊन जा, मी तुह्यासमोर रडणार न्हाई. पण धक्का लागत नसंल तर ऐतवारी गुडघ्याला आराम दे.

ता.क. तिसरं. सासूबाईला काहीतरी कळलंय. मघाशी ब्रुनोला भाकरी टाकताना त्यालाच म्हणत होत्या, ऐतवारी दाराला कुलूप लावून आपुन समदे शेतात जाऊ. अन् मॅडमला लईच आठवण आली तर त्यांनीच इकडं यावं म्हणावं. राहायची काही अडचण न्हाई. घरात संडास हाय, अन् ब्रुनो तो वापरत न्हाई.