पांढरं पिंप

४ मार्च
आलो बुवा एकदाचा. कारखाना प्लास्टिकच्या नळ्यांचा. पिंपातली पांढरी पावडर फावड्याने यंत्राच्या तोंडात ओतायची, एवढंच माझं काम. संध्याकाळी आपण पिठाच्या गिरणीवालेच दिसतो. खोलीत एक मामा आहेत, इथले जुने कामगार. सकाळी त्यांचं तोंड इतकं फुगलेलं असतं की सगळे त्यांना भोपळा म्हणतात. तेही हसतात. म्हटलं, इथलं खाणं अंगी लागतं तर! आईला कळवलं, तुझा काटकुळा पोरगा गुबगुबीत होऊन येणार.

११ मार्च
मुकादम दिलदार आहे. पावडरीची रिकामी पिंपं कामगारांना फुकट देतो. पांढरीशुभ्र, घट्ट झाकणाची. सगळ्या खोल्यांत प्यायचं पाणी त्यातच भरतात. विसळून घेतलं की झालं. पाणी जरा गोडसर लागतं, तेवढंच. एक पिंप ट्रकवाल्याबरोबर घरी धाडलं. ताईला दिवस गेलेत, माहेरीच आहे. सारखं पाणी भरायला नको तिने. आई फोनवर म्हणाली, पगाराआधीच लेकाने घर भरलं.

२ मे
लघवीला फेस येतो, साबण कालवल्यासारखा. मामांना विचारलं. म्हणाले, सगळ्यांनाच येतो, नवा आहेस म्हणून बघत बसतोस.

२० मे
बूट पायात जात नाहीत. जिन्यात धाप लागते. आरशात ओठ पांढरेफटक. यंत्रावर आज मला धाकटा भोपळा म्हणाले. हसलो. हसताना गाल जड लागले.

९ जून
मामा कामावरच कोसळले. दवाखान्यात मी नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि माझंही रक्त काढलं. रक्त पार उतरलंय म्हणाल्या, दोघांच्याही किडन्या खराब. पाणी कशात भरता विचारलं. सांगितलं. ती पावडर विषारी, विसळून जात नाही म्हणे, पाण्यात उतरत राहते. मग म्हणाल्या, "त्यातलं आणखी कोण पितं?"
मी घरचा नंबर लावायला घेतला.

१० जून
मामा गेले. त्यांचं पिंप मुकादमाने विसळून नव्या माणसाला दिलं. अडवलं तर म्हणाला, डोकं फिरलंय तुझं.
घरी फोन लागत नाही—

११ जून
लागला. मी तोंड उघडायच्या आधी आईच सुरू. ताईचे पाय सुजलेत, तोंडही. अशा दिवसांत व्हायचंच म्हणे. "भरपूर पाणी पाज म्हणालेत डॉक्टर. पाजतेय रे, तुझ्याच पिंपातलं. गोड लागतं म्हणते."
तेवढ्यात तुटला. परत लावतोय. बोटं सुजलीत, दाबता येत नाही— आई, उचल. एकदा उचल. ते पिंप—