थांबणाऱ्यांची भजी

औरंगपुरा, ६ जानेवारी २०२५

ती. पुंजारामकाकांस सा. न. वि. वि.

मोबाईलवर लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून हे पत्र. मी मानसोपचार करते, पण माणसं त्यानं बरी होतात की नुसती येत राहतात, हे मलाच माहीत नाही. दरवर्षी ठरवते, यंदा संशोधन करायचं. मग पेशंट येतात आणि वर्ष निघून जातं. शेजारचे डॉक्टर तर विचारतात, त्यानं फी वाढणार का?

यंदा हटणार नाही. पिशोरमधली झोप न येणारी माणसं तुम्ही जमवा. मी दर रविवारी येईन. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांवर लगेच उपचार. उरलेल्यांनी दोन महिने थांबायचं, त्यांचा नंबर मागून. मग दोन्ही गटांची तुलना. थांबणाऱ्यांसाठी काहीही करायचं नाही, एवढं सांभाळा.

लोभ आहेच, यंदा जरा ज्यादा असू द्यावा.

आपली,
प्रेरणा

पिशोर, ३ फेब्रुवारी

चि. प्रेरणास अनेक आशीर्वाद.

तुझं काम झकास चाललंय. पण पोरी, माणसं दारात बोलवायची आणि निम्म्यांना थांबा म्हणायचं, ही कुठली रीत? नूरमोहम्मद टेलर मला म्हणाला की दोन पिढ्यांची वळख, अन् माझाच नंबर नाय व्हय. माझी मान खाली गेली. म्हणून थांबणाऱ्यांना मी बाजाराच्या दिवशी घरी बोलावतो. उपचार काडीचा नाही, शपथ. तुझी काकू भजी तळते. नूरमोहम्मद गाऱ्हाणं सांगतो, बाकीचे त्याहून मोठं सांगतात. मग सगळे आपापल्या घरी.

माया पातळ करू नकोस.

तुझा काका,
पुंजाराम

औरंगपुरा, ७ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

काका, घात केलात! थांबणाऱ्यांनाही काही मिळालं तर मी तुलना कशाशी करू? भजी ताबडतोब बंद. हे यंदा झालं नाही तर कधीच होणार नाही, मी मला ओळखते.

रागावले आहे, तरी लोभ शिल्लक आहे.

प्रेरणा

पिशोर, २४ फेब्रुवारी

चि. प्रेरणास अनेक आशीर्वाद.

भजी बंद केली. आता लोक घरून तळून आणतात. त्यात तुझ्या उपचारवाल्यांतली साळूबाई सरपंचांची शिफारस घेऊन आली, मला थांबणाऱ्यांत घाला म्हणते. आमच्या गल्लीतल्या राजकुमारचं घोरणं चार घरं ऐकतात, तोही थांबणाऱ्यांत यायला सांगतो की डोळ्याला डोळा लागत नाय. तुझं संशोधन मीच बुडवलं, या विचारानं मला अन्न गोड लागत नाही. फार नुकसान झालं का गं?

राग सरला की चार ओळी लिही.

तुझा,
पुंजारामकाका

औरंगपुरा, १० मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

निकाल हाती आला. उपचारवाल्यांची झोप जेमतेम सुधारली. थांबणारे मात्र ढाराढूर झोपतात. पुन्हा तपासलं, तेच. आधी रडले, मग इतकी हसले की बाहेर बसलेले पेशंट घाबरले.

संशोधन बुडालं नाही, काका. ठरवलं होतं ते झालं नाही, पण जे घडलं ते भजीसकट लिहिणार आहे. त्यासाठी तुमच्या बाजाराच्या दिवशी क्लिनिक बंद, तशी पाटीच लावली. शेजारच्या डॉक्टरांनी विचारलं की एवढं काय काम काढलंय. सांगितलं, पिशोरला थांबायला जाते.

खरं सांगू? कित्येक महिने मलाच झोप नाही. इतक्या माणसांना विचारलं, मला कुणी विचारलं नाही. चिठ्ठी टाकू नका. मला सरळ नूरमोहम्मदचाचांच्या शेजारी बसवा.

आपली,
प्रेरणा