विजूदादाच्या तापाचा व्हिडिओ

सोमवार, दिवेलागण

अंग नुसतं खाजून राह्यलं. भाव नाही म्हणून घरातच भरून ठेवलेल्या बीटी कापसात घुसल्यावर दुसरं काय होईल?

काल चुलतभाऊ विजूदादा सगळ्यांसमोर म्हणला, "पोरीले कुठी गेम जमते? जिंकली त व्हिडिओ दाखव." माझ्या मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं की गेम अटकते. म्हणून आज आईचा मोबाईल कापसाच्या ढिगात रोवला, माझ्या स्क्रीनकडे तोंड करून. विजूदादा बाजूच्या खोलीतून माझ्यासंग खेळला. हरला.

आता व्हिडिओ पाह्यला तर त्यात काकूचा आवाज, "विजू, वावरातून गाठोडं आणायले येतं का?"

"मले ताप आहे वो माय." अन् लगेच गेमच्या जोशात, "आता हिले सोडत नाही!"

गाठोडं काकूनं एकटीनं डोक्यावर आणलं.

खाजू दे. उद्या सगळ्यांसमोर लावीन, काकूच्या बाजूले बसून. आवाज फुल्ल करून.