अकरा नंबरचा अलार्म

९ मार्च
आमच्या हॉस्पिटलातल्या वॉर्डच्या सिस्टरला घरी बसवलं, म्हणून लिहायला घेतलं. अकरा नंबरच्या बेडवरचे गृहस्थ गेले आणि त्यांच्या मॉनिटरचा अलार्म तिच्या टेबलावर वाजलाच नाही. आमच्या नेटवर्क विभागाने लिहून दिलं — अलार्मचं पॅकेट, म्हणजे त्याचा संदेश, टेबलावर अलार्म वाजवणाऱ्या सर्व्हरपर्यंत आलंच नाही. म्हणजे तिनेच अलार्म बंद ठेवला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं!

घरी निघालेली सिस्टर जिन्यात भेटली. "मॅडम, वाजला असता तर मी धावले नसते का?"

१० मार्च
मॉनिटर उघडून पाहिला. त्याच्या नोंदीत अलार्म पाठवलेला आहे. मग गेला कुठे?

११ मार्च
सापडला.

येणारी पॅकेटं आम्ही बघतो ती सर्व्हरच्या कर्नेलच्या, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीच्या, आतल्या खिडकीतून. पण त्या खिडकीच्याही आधी, नेटवर्क कार्डाच्या तोंडाशी, कर्नेलमध्ये चढवलेला एक छोटा प्रोग्राम बसला आहे. फालतू पॅकेटांचा हल्ला झाला होता, तेव्हा घाईत बसवलेला. एका पत्त्यावरून, म्हणजे एकाच यंत्राकडून, मारा सुरू झाला की तो पॅकेटं तिथल्या तिथे टाकून देतो. आतून बघणाऱ्याला वाटणार, आलीच नाहीत. आम्हा सगळ्यांना वाटलं!

आणि नाडी डगमगली की मॉनिटर आधी आकड्यांचा मारा करतो, मागून अलार्म पाठवतो. प्रोग्रामने माऱ्याला हल्ला समजून अलार्मही फेकला. माणूस जितका बिघडेल, तितकी शांतता.

प्रोग्राम लिहिणारा धाकटा. माझा सख्खा भाऊ, माझ्याच हाताखाली.

ताबडतोब वॉर्डात फोन केला — टेबलावरच्या अलार्मवर विसंबू नका, प्रत्येक बेडपाशी माणूस बसवा. मग धाकट्याला बोलावलं. पांढराफटक पडला. "ताई, चढवताना कर्नेल तपासतं गं. पास झाला होता!"

"मशीन कोसळणार नाही, एवढंच तपासतं ते. माणसाचं काय?"

तो दाराकडे सरकला.

टाकलेल्या पॅकेटांची मोजणी, पत्त्यागणिक, म्हणजे प्रत्येक बेडच्या मॉनिटरची वेगळी, फक्त मेमरीत असते. प्रोग्राम काढला की पुसली जाते. आमच्या विभागाच्या साहेबांनाही ते पक्कं ठाऊक. "बाई, सरळ रीबूट मारा. मोजणीबिजणी कशाला उकरता? भाऊ तुमचाच ना? मग!"

प्रोग्राम काढायचा होताच. आधी मोजणी उतरवून घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न. धाकटा दाराशी उभा. "नको ना घेऊस, ताई. माझ्या पोरींकडे बघ."

सिस्टरच्या घरीही पोरं आहेत. त्याच्याकडे पाठ केली आणि मोजणी उतरवली. मग प्रोग्राम काढला. वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं.

१२ मार्च
चौकशी समितीच्या हाती दिलं, पोच घेतली —
प्रोग्रामची प्रत.
अकरा नंबरच्या बेडची मोजणी.
आणि आणखी चार बेडची, तिथलीही पॅकेटं फेकलेली. त्या माणसांबद्दल अजून कोणी विचारलेलंही नाही.